टूल मेकर व्हायचंय? आयटीआयपासून ट्रायलपर्यंत काय काय करायचं ते

दहावी झालेली पोरं, आणि पोरांपेक्षा जास्त त्यांचे आईवडील विचारतात की टूल अँड डाय मेकर ट्रेड घ्यावा का, पुढे काय स्कोप आहे, फिटर आणि टूल मेकर एकच का. एकच नाही. आणि सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर म्हणजे तर टूल मेकर अजिबातच नाही, जरी टूल रूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या खात्यात, दोघं शेजारी शेजारी उभे असले तरी. ऑपरेटर मशीनवर जॉब, म्हणजे एकेक पार्ट, काढतो. टूल मेकर ते हत्यार बनवतो ज्यातून नंतर लाखो जॉब निघतात, आणि जॉब खराब निघायला लागले की ते का खराब निघतायत हे त्याला सांगता यावं लागतं. पगार या दुसऱ्या गोष्टीचा मिळतो. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण मी सगळं त्याच बाजूने सांगणार आहे.

आधी कुठल्या बाजूला जायचं ते बघा

ढोबळमानाने दोन दुनिया आहेत. एक प्रेस टूल, म्हणजे पत्रा कापणं, भोक पाडणं, वाकवणं, ओढून खोलगट करणं. बाईकचा ब्रॅकेट, वॉशर, कुकरचं झाकण, मोटरमधल्या पातळ चकत्या, हे सगळं प्रेसवर होतं. दुसरी मोल्डची म्हणजे साच्याची, त्यात प्लॅस्टिकची बादली, स्विचबोर्ड, गाडीचा डॅशबोर्ड. अॅल्युमिनियमचं डाय कास्टिंगही बरंचसं याच बाजूला मोडतं. शिवाय जिग, फिक्स्चर (जॉब जागेवर धरून ठेवणारी साधनं) आणि गेज (माप तपासायची साधनं) बनवणारे असतात, ते काम बाहेरून साधं दिसतं पण मोजमापाचा हात तिथे फार छान तयार होतो.

आयटीआयलाही ट्रेड दोन आहेत, एक प्रेस टूल्स, जिग्स अँड फिक्स्चर्स आणि दुसरा डाईज अँड मोल्ड्स. दोन्ही २ वर्षांचे, दहावी पासवर. तुमच्या गावाजवळ कुठला आहे त्यावरच बऱ्याच जणांचा निर्णय होतो आणि त्यात वाईट काही नाही, बेसिक दोन्हीकडे तेच आहे. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड-सातपूर या भागात ऑटो पार्टमुळे प्रेस टूलचं काम भरपूर. वसईकडे प्लॅस्टिक मोल्डची दुकानं जास्त दिसतील.

प्रवेश कुठे घ्यायचा

सरकारी आयटीआय सगळ्यात स्वस्त. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन केंद्रीय प्रक्रियेतून होतो, दहावीचा निकाल लागला की लक्ष ठेवा, टूल अँड डायच्या जागा फिटर-इलेक्ट्रिशियनपेक्षा खूप कमी असतात.

दुसरा रस्ता टूल रूमच्या डिप्लोमाचा. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची. मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी आहे, तीही त्याच मंत्रालयाखाली. एनटीटीएफ हे नाव पण ऐकाल, ती संस्था १९५९ मध्ये केरळात तलश्शेरीजवळ नेत्तूरला स्विस मदतीने सुरू झाली आणि तिथून शिकलेले लोक आज देशभर टूल रूममध्ये सापडतात. या ठिकाणी फी आयटीआयपेक्षा बरीच जास्त, प्रवेश परीक्षा असते, पण वर्कशॉपचे तास खूप आणि शिस्त कडक. घरची ऐपत असेल तर हा रस्ता चांगला. नसेल तर कर्ज काढून जाच असं मी म्हणणार नाही, आयटीआय करून चांगल्या ठिकाणी अप्रेंटिस केलेला पोरगा पाच वर्षांनी डिप्लोमावाल्याच्या खांद्याला खांदा लावून काम करताना मी भरपूर वेळा बघितलाय. आणि आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, तो दरवाजा बंद होत नाही.

कुठेही जा, फी भरायच्या आधी वर्कशॉप बघून या. मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ असेल तर समजून जा. कूलंटचा वास येतोय, खाली चिप्स पडल्यात, पोरांचे हात काळे आहेत, तर ती जागा बरी. ग्राइंडर किती चालू आहेत हे खास बघा.

पहिले सहा महिने: कानस आणि माप

इथे पोरं कंटाळतात. सीएनसीच्या जमान्यात कानस कशाला घासायची म्हणतात. घासायची, कारण लोखंडाचा एक चौकोनी तुकडा हाताने सपाट आणि काटकोनात आणताना जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही. गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं, फटीतून प्रकाश कुठे दिसतो ते बघायचं, तिथे नाही तर त्याच्या बाजूला घासायचं. बोटाला उंचवटा जाणवायला लागतो हळूहळू. पुढे मोल्डचे दोन भाग एकमेकांवर बसवताना निळा रंग लावून कुठे टेकतंय ते बघता आणि तिथलंच दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) काढता, तेव्हा ही सवय कामाला येते.

मापाचं म्हणाल तर व्हर्नियर ०.०२ मिमी दाखवतो, साधा मायक्रोमीटर ०.०१. नवीन पोरगा व्हर्नियरवर २० मायक्रॉनचं माप सांगतो आणि भांडतो, तसं करू नका. ०.०१ च्या आतलं बोलायचं असेल तर लिव्हर डायल (बारीक फरक दाखवणारं घड्याळ) आणि स्लिप गेज (ठरावीक मापाचे पक्के ठोकळे) घ्या, तुलना करून मोजा. ग्राइंडिंग करून लगेच गरम जॉब मोजायचा नाही हे पण आत्ताच लिहून ठेवा. १०० मिमीचा स्टीलचा जॉब १० डिग्रीने तापला तर जवळपास १२ मायक्रॉन वाढतो. म्हणजे तुम्ही गरम असताना बरोब्बर मापात आणलात आणि चहा पिऊन आलात की तो अंडरसाइज. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, मापाचं स्टँडर्ड तापमान २० डिग्री आहे आणि आपल्या शेडमध्ये ४०. म्हणून जॉब आणि मास्टर (ज्याच्याशी तुलना करायची ते पक्कं माप) दोन्ही एकाच टेबलावर तासभर ठेवायचे आणि मग मोजायचं.

गणित, पण घाबरू नका

त्रिकोणमिती लागते. जास्त नाही, साइन आणि टॅन. उदाहरण देतो, साइन बार (कोन लावायची पट्टी) १०० मिमीचा आहे आणि १२ डिग्री ३० मिनिटांचा कोन लावायचाय. साइनचं मूल्य ०.२१६४४, गुणिले १००, म्हणजे २१.६४४ मिमी उंची. आता स्लिप गेजच्या पेटीतून ही उंची जमवायची: १.००४, १.१४, ९.५ आणि १०. बेरीज करून बघा. शेवटचा आकडा आधी संपवायचा ही युक्ती, मग डोकं खाजवावं लागत नाही. हे एकदा पाच-दहा वेगळ्या कोनांसाठी वहीत करा, इंटरव्ह्यूला हमखास विचारतात.

दुसरं म्हणजे क्लिअरन्स. पंच (वरून येणारा कापणारा भाग) आणि डाय (खालचा भोकाचा भाग) यांच्यात फट किती ठेवायची. माइल्ड स्टीलला जाडीच्या ५ ते १० टक्के एका बाजूला, असं साधारण धरतात. समजा २ मिमी पत्र्याचा वॉशर आहे, बाहेरचा ३०, आतलं भोक १२. एका बाजूला ०.१ ठेवू. आता बाहेरचा गोल कापताना जो तुकडा खाली पडतो तो आपला माल, म्हणून डाय ३० ची आणि पंच २९.८ चा. भोक पाडताना तुकडा भंगारात आणि पत्र्यातलं भोक आपलं, म्हणून पंच १२ चा आणि डाय १२.२ ची. मापाचा मान कोणाला द्यायचा हे उलटं झालं की अख्खं टूल गेलं, आणि हे उलटं करणारे चार-चार वर्षं अनुभव असलेले लोक पण असतात, फक्त ड्रॉइंगवर जे लिहिलंय ते कापत राहिलेले.

याच वॉशरला किती टनाचा प्रेस लागेल? कापायची लांबी दोन्ही गोलांचा परीघ मिळून १३२ मिमी, गुणिले जाडी २, गुणिले स्टीलची शिअर स्ट्रेंग्थ साधारण ३५०. सुमारे ९२,००० न्यूटन, म्हणजे ९.४ टन. १० टनाचा प्रेस रिकामा आहे म्हणून त्यावर चढवू नका, थोडी धार गेली की ताकद जास्त लागते. १५-२० टनाचा घ्या.

मोल्डवाल्यांना क्लिअरन्सऐवजी श्रिंकेज, म्हणजे प्लॅस्टिक थंड होताना आखडणं. एबीएस प्लॅस्टिक साधारण अर्धा टक्का आखडतं, पीपी दीड-दोन टक्के. १०० मिमीचा पीपीचा डबा हवा असेल तर कॅव्हिटी (मोल्डमधली पोकळी) १०१.५ च्या आसपास. मटेरियल सप्लायरची शीट मागितल्याशिवाय स्टीलला हात लावायचा नाही. कस्टमरने मध्येच मटेरियल बदललं तर लेखी घ्या.

मशीन कुठल्या क्रमाने शिकायच्या

सगळ्यांना व्हीएमसी (सीएनसी मिलिंग मशीन) आणि वायरकट (तारेच्या स्पार्कने स्टील कापणारं मशीन) हवं असतं. माझं मत, आधी ड्रिल-टॅप (भोक आणि त्यात आटे पाडणं), मग मिलिंग, मग सरफेस ग्राइंडर आणि ग्राइंडरवर चांगला मुक्काम करा. टूल रूममधलं सपाटपण, समांतरपण, काटकोन हे सगळं तिथे जन्माला येतं. मॅग्नेट साफ करणं, बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, काढल्याशिवाय जॉब न ठेवणं, व्हील लावायच्या आधी हलकं ठोकून आवाज ऐकणं, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे, लावायचं नाही.

वायरकट सोपी वाटते कारण प्रोग्रॅम टाकला की मशीन चालतं. बहुतेक ठिकाणी ०.२५ ची पितळी वायर असते, म्हणजे ऑफसेट (रेषेपासून वायर जेवढी बाजूला चालवायची ते अंतर) वायरची अर्धी जाडी ०.१२५ अधिक स्पार्कची फट, ती फट जाडी आणि कटनुसार बदलते. अवघड आहे ते वेगळंच, म्हणजे जॉब कुठल्या बाजूने आत शिरून कापला तर वाकणार नाही, सुटणारा तुकडा पडून वायर तुटू नये म्हणून कुठे टाका, म्हणजे न कापलेला थोडा भाग, ठेवायचा. हे विचारा ऑपरेटरला, चहा पाजा, सांगतात लोक.

स्पार्क मशीनवर (इलेक्ट्रोडचा आकार स्पार्कने स्टीलमध्ये उतरवणारं मशीन) तांब्याचे किंवा ग्राफाइटचे इलेक्ट्रोड. मोल्डमध्ये गेलात तर हे सुटणार नाही.

स्टील आणि हार्डनिंग

दुकानात जी नावं ऐकाल ती ही: डी२, ज्याला बरेच जण एचसीएचसीआर म्हणतात, पंच-डायसाठी, हार्डनिंग करून ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप). ओएचएनएस कमी उत्पादनाच्या टूलसाठी, स्वस्त आणि काम करायला सोपं. पी२० मोल्डसाठी, हे आधीच ३० एचआरसीच्या आसपास कडक करून येतं, त्यामुळे मशीनिंग करून थेट वापरता येतं. एच१३ डाय कास्टिंगला, कारण वितळलेल्या अॅल्युमिनियमचा गरम-थंड मार त्याला सहन होतो. प्लेटा आणि डायसेटला ईएन८ किंवा एमएस, म्हणजे माइल्ड स्टील.

हार्डनिंगला जॉब पाठवायच्या आधी एकदा ड्रॉइंग हातात घेऊन प्रत्येक भोक मोजा. सगळे टॅप झालेत का, डोवेलच्या (दोन प्लेटा जागेवर पक्क्या ठेवणारी पिन) भोकाला स्टॉक, म्हणजे नंतर काढायला जास्तीचं मटेरियल, ठेवलाय का, ग्राइंडिंगला ०.३ ते ०.५ अलाउन्स आहे का, आतले कोपरे टोकदार तर नाहीत, कारण तडा तिथूनच जातो. ६० एचआरसी झालेल्या डी२ मध्ये राहिलेला एम६ चा टॅप मारायचा म्हणजे दिवस गेला आणि टॅप पण गेले. आणि पाणी दिलं, म्हणजे हार्डनिंग केलं, की झालं असं नसतं, टेंपरिंग (परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवणं) लागतं, डी२ ला तर दोनदा करून घ्या. घाईत टेंपरिंग न करता आलेला पंच पहिल्या दिवशी काचेसारखा फुटतो. हीट ट्रीटमेंटवाल्याकडून रिपोर्ट घ्या, आणि घेतलात तरी स्वतः एकदा हार्डनेस चेक करा.

असेंब्ली आणि ट्रायल, खरी शाळा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. नवीन पोरांना बहुतेक दुकानांत एका मशीनला जुंपतात आणि ट्रायलला सीनियर जातो. तुम्ही शिफ्ट संपल्यावर थांबा, पाना आणून द्या, पत्र्याच्या पट्ट्या कापून द्या, काहीही करा पण ट्रायलला उभे राहा.

प्रेसवर चढवायच्या आधी टूल हाताने बंद करून वर्तमानपत्राचा कागद कापून बघतात. चारी बाजूंनी स्वच्छ कापला गेला तर पंच मध्यावर आहे. एका बाजूला तुटला आणि दुसऱ्या बाजूला लोंबकळला तर फट सारखी नाही. पहिला जॉब निघाला की मापाच्या आधी त्याची कड बघा, भिंगाखाली. वरचा भाग चकचकीत, खालचा खरखरीत आणि मग बर. चकचकीत पट्टा सगळीकडे सारखा, साधारण एक तृतीयांश जाडीचा असेल तर क्लिअरन्स बरोबर आहे. एका बाजूला पट्टा रुंद आणि समोरच्या बाजूला बर मोठी, म्हणजे पंच सरकलाय, इथे सगळीकडे धार मारून काही होणार नाही, आणि लोक नेमकं तेच करतात. सगळ्याच बाजूला बर आहे तर धार गेलीय किंवा फट जास्त आहे. पट्टा दोनदा दिसतोय, म्हणजे चकचकीत-खरखरीत-परत चकचकीत, तर फट कमी पडतेय. जॉबवर कुठेतरी खड्डा, आणि दर वेळी नाही तर मध्येच कधीतरी, तर तुकडा पंचाला चिकटून वर येतोय आणि पुढच्या स्ट्रोकला पत्र्यावर दाबला जातोय. पंचात स्प्रिंगची पिन घाला.

प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये (पट्टी पुढे सरकत टप्प्याटप्प्याने जॉब होतो ते टूल) भोक एकीकडे सरकलं तर आधी पायलट (पट्टी जागेवर आणणारी पिन) आणि फीड (पट्टीचं पुढे सरकणं) बघा, डाय नंतर. आधी स्वस्त कारण तपासायचं, मग महाग.

मोल्डचं पण तसंच. फ्लॅश (कडेला फुटून आलेलं जास्तीचं प्लॅस्टिक) आली म्हणून लगेच पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन भाग मिळतात ती रेघ) घासू नका, क्लॅम्पिंग टनेज (मोल्ड बंद धरायची ताकद) कमी आहे का, प्रेशर जास्त मारलंय का ते मोल्डिंगवाल्यासोबत बघा. शॉर्ट (अर्धवट भरलेला जॉब) आला तर हवा कुठे अडकतेय, व्हेंट (हवा जायची वाट) आहे का. स्टील काढलं की परत लावता येत नाही, वेल्डिंग करावं लागतं आणि पॉलिशमध्ये तो डाग दिसतो. म्हणून करेक्शन नेहमी एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि जॉब चांगला आला तरी कशाने आला ते कळत नाही.

एक वही करा. टूलचं नाव, दोष काय, काय केलं, परिणाम काय. फोनमध्ये फोटो काढायचे असतील तर परवानगी विचारून, कस्टमरच्या पार्टचे फोटो बाहेर गेले तर नोकरी जाते.

आणि हात. ट्रायलच्या वेळी सगळ्यात जास्त बोटं जातात, कारण गार्ड काढलेलं असतं, दोघं जण असतात, एकाला वाटतं दुसरा थांबलाय. दोन हातांचं बटण बायपास केलेल्या प्रेसवर हात घालू नका, मालक म्हणाला तरी. टूलमध्ये काम करताना मोटर बंद, फ्लायव्हील थांबलेलं, मध्ये सेफ्टी ब्लॉक. क्रेनला लटकलेल्या मोल्डखाली वाकून बघायचं नाही. ड्रिलवर हातमोजे नाहीत. जुन्या डाय फिटरच्या हाताकडे बघा, मी का सांगतोय ते कळेल.

पहिली नोकरी

आयटीआयनंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली मोठ्या कंपनीत अप्रेंटिसशिप मिळाली तर घ्या, स्टायपेंड कमी वाटला तरी. मोठ्या कंपनीच्या टूल रूममध्ये सिस्टीम शिकता, मोजमापाची खोली, डिझाइन रिव्ह्यू, कागदपत्रं. पण कदाचित दोन वर्षं एकच मशीन. दहा-बारा माणसांच्या छोट्या दुकानात उलट, ओव्हरटाइमचा हिशेब धड नसतो, पगार दहा तारखेच्या पुढे जातो, पण स्टील आणण्यापासून ट्रायलपर्यंत सगळं हाताखालून जातं. मला विचाराल तर आधी मोठीकडे, मग दोन-तीन वर्षं छोटीकडे. उलट्या क्रमाने मोठ्या कंपनीत घुसणं अवघड जातं.

इंटरव्ह्यूला बडबड चालत नाही, ड्रॉइंग पुढे टाकतात. एम८ च्या टॅपला ड्रिल कितीचं, ६.८. एम१० ला ८.५. १० एच७ चं (१० मिमी, ठरावीक बारीक टॉलरन्सचं) डोवेलचं भोक कसं करशील, तर आधी ९.८ ड्रिल आणि मग रीमर, दोन्ही प्लेटा एकत्र बांधून. फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल (ड्रॉइंगवर व्ह्यू मांडायच्या दोन पद्धती) ओळखता आलं पाहिजे, यात अडकणारे खूप. माहीत नसेल तर सर मी हे केलेलं नाही असं सांगा, गोलगोल उत्तर त्यांना लगेच कळतं.

पुढे

चार-पाच वर्षांनी वाटा फुटतात. डिझाइनला जायचं तर कॅड शिका, सॉलिडवर्क्स किंवा एनएक्स, पण बेंचवर हात काळे केलेल्या डिझायनरला टूल रूममध्ये जो मान आहे तो नुसत्या क्लासवाल्याला नाही, कारण त्याने ड्रॉइंगवर दाखवलेल्या स्क्रूपर्यंत खरोखर पाना पोचतो. मेंटेनन्सला गेलात तर झोपमोड भरपूर, पण दोष ओळखणं तिथे सगळ्यात वेगाने शिकता. शिकवायची आवड असेल तर इन्स्ट्रक्टरचा सीआयटीएस कोर्स करून आयटीआयमध्ये जाता येतं. जर्मनीत जायचं स्वप्न असेल तर तिथे हा ट्रेड साडेतीन वर्षांच्या आउसबिल्डुंगचा (कंपनीत काम करत शिकायचा कोर्स) आहे, आधी भाषेचा क्लास लावा, बाकी एजंटला पैसे देणं नंतर.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता इंजिनचे पार्ट कमी होणार, मग टूलचं काम संपणार का, हे हल्ली सारखं विचारतात. काही कामं कमी होतील, खरंय. पण मोटरच्या आतल्या चकत्या बघा, ०.३५ मिमी पत्रा, ५ टक्क्याने फट येते १७-१८ मायक्रॉन, पंच-डाय कार्बाइडचे. असलं काम करणारी माणसं शोधावी लागतात.

स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर घाई करून वायरकटचं कर्ज काढू नका, आधी बाहेरून जॉबवर्क करून घेऊन असेंब्ली आणि ट्रायल स्वतः विका. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) पहिल्या दिवशी करा, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं २००६ च्या कायद्यात आहे, करारात काही लिहिलं नसेल तर १५ दिवसांत. प्रत्यक्षात कस्टमर ९० दिवस म्हणतो तो भाग वेगळा, म्हणून टूलच्या कामात ऑर्डरसोबत अॅडव्हान्स घेतल्याशिवाय स्टील आणायचं नाही, आणि कोटेशनमध्ये तीन ओळी नक्की घाला: ट्रायल किती वेळा फुकट, ड्रॉइंग बदललं तर वेगळा चार्ज, आणि पहिला जॉब पास झाल्याची कस्टमरची सही झाली की राहिलेलं पेमेंट.